चहाचा मळा आणि त्याला लागून असलेलं जंगल: जाण्याआधी थोडं समजून घेऊ

इंदुरात चहा दर दहा पावलांवर मिळतो, पण माळव्याच्या मातीत चहाचं झुडूप काही तग धरणार नाही. चहाला आम्ल माती लागते, सामू (पीएच) ४.५ ते ५.५ च्या आसपास. आपली काळी माती नेमकी दुसऱ्या टोकाची. तिच्यात चुना भरपूर आणि पाणी धरून ठेवायची सवय. कापसाला, सोयाबीनला ते मानवतं. चहाच्या मुळाशी पाणी साचून राहिलं की मुळं कुजतात. शिवाय आपला पाऊस वर्षाला हजार मिलिमीटरच्या आगेमागे, तोही जून ते सप्टेंबरात उरकणारा. चहाला किमान दीड हजार लागतो आणि तो होईल तितका वर्षभर पसरलेला लागतो. दर आठ-पंधरा दिवसांनी नवी पालवी फुटली नाही तर खुडणार काय?

आता हीच यादी जंगलाच्या बाजूने वाचून पाहा. लांबत जाणारा पाऊस, डोंगरउतार, पाण्याचा निचरा, शतकानुशतकं चुना धुऊन गेल्यामुळे आम्ल झालेली माती, आणि गोठवणारी थंडी नाही. दक्षिण भारतात अशा जागी माणसाने कुऱ्हाड उचलण्याआधी काय होतं? सदाहरित जंगल, ज्याला पुस्तकात वर्षावन म्हणतात. चहाला जे लागतं तेच या जंगलालाही लागतं. म्हणून मळा बसलाय तो बहुतेक ठिकाणी जंगलाच्या जागेवर, आणि फोटोत मागे दिसणारी गर्द झाडी म्हणजे तोडायची राहिलेली शिल्लक.

सुटीत आपली मंडळी केरळला जातात तेव्हा मुन्नारला गाडी थांबते, मळ्यात फोटो होतात, कारखान्याच्या दुकानातून अर्धा किलो चहा घेतला जातो आणि पुढे ठेक्कडी. त्यात चूक काही नाही. फक्त मळा आणि जंगल एकमेकांना भिडतात ती कड पाहायची राहून जाते. ती पाहायची असेल तर माझं मत मुन्नारच्या बाजूने नाही. वालपराईला जा.

वालपराई कुठे आहे

तमिळनाडूच्या कोइम्बतूर जिल्ह्यात, अण्णामलई डोंगरात, समुद्रसपाटीपासून हजार-बाराशे मीटरवर साधारण २२० चौरस किलोमीटरचं एक पठार आहे. त्यावर चहा, थोडी कॉफी, थोडी वेलची, आणि २०११ च्या जनगणनेनुसार ७० हजारांच्या आसपास माणसं. पठाराच्या चहूबाजूंना राखीव जंगल: तमिळनाडूकडे अण्णामलई व्याघ्र प्रकल्प (२००७ पासून), केरळकडे परंबिकुलम व्याघ्र प्रकल्प आणि वाळच्चालचं जंगल. मधोमध मळे, सभोवती वाघांचं अधिकृत घर. आणि मळ्यांच्या आतही जंगलाचे चाळीसेक तुकडे विखुरलेले आहेत, काही दोन-चार हेक्टरचे, काही शेकड्यांत.

इंदूरकरांसाठी सोय अशी की अहिल्यानगरी एक्सप्रेस आठवड्यातून एकदा इंदूरहून थेट केरळकडे जाते आणि वाटेत कोइम्बतूर लागतं. दोन रात्री गाडीत काढायची तयारी हवी. कोइम्बतूरहून पोल्लाची ४० किलोमीटर, तिथून वालपराई ६५. पोल्लाचीला नारळाच्या बागा आणि कोरडी हवा असते, कारण ते पर्जन्यछायेत आहे. अळियार धरण मागे टाकलं की घाट सुरू होतो आणि त्याला ४० वळणं आहेत, प्रत्येकावर आकड्याची पाटी. साताऱ्याकडच्या नातेवाइकांकडे जाऊन आलेल्यांना वाई ते महाबळेश्वर हा बदल माहीत असतो: खाली कोरडं, वर धुकं. इथे तेच जास्त ठळकपणे होतं. पहिल्या वळणांवर पानगळीची झुडपं, मधल्यांवर कातळ, आणि वर पोचेपर्यंत अंधारी, ओली झाडी. नवव्या वळणाजवळ कातळावर निलगिरी ताहर दिसतात, तमिळनाडूचा राज्यप्राणी. रानबकरीचाच भाऊबंद म्हणा. लोक गाडी थांबवून त्यांना बिस्किटं टाकतात. कृपा करून टाकू नका.

आपलं जंगल आणि ते जंगल

आपल्याला जंगल म्हटलं की चोरल, जानापाव, फार तर सातपुड्यातला साग आठवतो. उन्हाळ्यापर्यंत या झाडांची पानं गळून जातात, ऊन थेट जमिनीवर पडतं, पाचोळा करकरतो. सदाहरित जंगलात अशी सामुदायिक पानगळ होत नाही. झाडं थराथराने उभी असतात: सगळ्यात वर ३०-४० मीटर उंचीचे दांडगे, त्यांच्या खाली मधल्या उंचीची दाटी, त्याखाली वेत, नेचे, रोपं. जमिनीपर्यंत सूर्यप्रकाशाचा अगदी थोडा अंश पोचतो. बाहेर कडक ऊन असलं तरी आत हवा दमट आणि थंड राहते, वारा जवळपास नसतो. नागकेशर, रानफणस, जांभळाच्या कुळातली झाडं ओळखीची वाटतात, पण त्यांचा घेर पाहून ओळख विसरायला होतं.

या जंगलाची श्रीमंती मातीत फारशी नसते, हे बऱ्याच जणांना खोटं वाटतं. एवढा पाऊस क्षार धुऊन नेतो. पान पडतं, बुरशी आणि वाळवी ते झपाट्याने कुजवतात, मुळं लगेच शोषून घेतात. सगळा व्यवहार वरच्या काही इंचांत. झाडं काढली की हा व्यवहार थांबतो, आणि म्हणूनच मळ्याला वर्षानुवर्षं खत द्यावं लागतं.

अण्णामलईत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युरोपीय मळेवाल्यांनी आधी कॉफीसाठी जंगल तोडलं. कॉफीच्या पानांवर तांबेऱ्याचा रोग येतो. तो १८६९ मध्ये श्रीलंकेत आढळला आणि पुढे दक्षिण आशियातल्या मळ्यांना त्याने पुरतं हैराण केलं. श्रीलंकेने कॉफी सोडून चहा धरला, दक्षिण भारताच्या डोंगरांतही चहाचं पारडं जड होत गेलं. मजूर आणले गेले खालच्या तमिळ मैदानी भागातून. कंगाणी म्हणजे मुकादम. तो आपल्याच गावातून माणसं उचलून आणायचा, आगाऊ रक्कम द्यायचा आणि ती फिटेपर्यंत माणूस डोंगर उतरू शकत नसे. हिवतापाने किती मेले त्याचा धड हिशेब कुणी ठेवला नाही. मळ्यातला तो देखणा नीटनेटकेपणा या माणसांच्या हाताचा आहे, निसर्गाच्या नव्हे.

मग तुकडे का उरले? जिथे उतार फारच तीव्र, जिथे कातळ, जिथे दलदल, तिथे तोडूनही उपयोग नव्हता. काही भाग ओढ्यांच्या उगमासाठी राखला. वेलचीला सावली लागते, म्हणून काही ठिकाणी खालची झुडपं काढून वेलची लावली आणि वरची मोठी झाडं तशीच ठेवली. आज एखाद्या तुकड्याकडे पाहून तो का वाचला असेल याचा अंदाज करत बसणं हा वालपराईतला माझा आवडता उद्योग.

चहाचं झुडूप खरं तर झाड आहे

कंबरेएवढी उंची ही चहाची सक्तीची उंची. छाटणी केली नाही तर ते दहा मीटरच्या पुढे जाणारं झाड होतं. सोडून दिलेल्या मळ्यात असे वाढलेले चहाचे वृक्ष पाहायला मिळतात आणि पटकन ओळखूही येत नाहीत. मळ्यात मात्र तीन-पाच वर्षांनी जोरात छाटणी आणि मधल्या काळात सतत खुडणी, म्हणजे झाडाला कायम लहानपणात अडकवून ठेवायचं. कोवळी पालवी भरपूर येते ती त्याच वयात. हेक्टरी दहा हजारांहून जास्त झुडपं, एकाच उंचीची, एकाच जातीची. मध्ये दहा-वीस पावलांवर उंच, सरळसोट झाडं दिसतात ती सिल्वर ओक. ही सावलीची झाडं मूळची ऑस्ट्रेलियाची. कुठे कुठे निलगिरीची लागवडही दिसेल. ती कारखान्याच्या भट्टीच्या लाकडासाठी, कारण चहा वाळवायला आग लागते आणि पूर्वी ते सरपण जंगलातूनच यायचं.

सांगायचा मुद्दा, दरीकडे तोंड करून उभं राहिलात तर समोर हिरव्याचे किमान तीन प्रकार असतात: चहा, परदेशी लावलेली झाडं आणि मूळचं जंगल. पहिला गुळगुळीत आणि पोपटी, दुसऱ्याचे खांब एकसारखे, तिसऱ्याचा माथा खडबडीत, कुठे तांबूस पालवी तर कुठे काळपट हिरवा. एकदा डोळ्याला सवय झाली की चुकत नाही.

कडेवर काय होतं

जंगलाचा तुकडा उरला म्हणजे तो सुरक्षित राहिला, असं वाटतं. तसं होत नाही. जंगल आतून दमट राहतं ते सर्व बाजूंनी झाडांनी वेढलेलं असतं म्हणून. एका बाजूला चहा आला की त्या बाजूने ऊन आणि वारा आत घुसतो. उन्हात घातलेला पापड जसा कडेपासून वाळत आत जातो तसं जंगल कडेपासून कोरडं होत जातं. सावलीत वाढणारी रोपं मरतात, मोठी झाडं वाऱ्याने उन्मळतात, त्या मोकळ्या जागेत घाणेरी आणि मिकानियाची वेल पसरते. घाणेरी आपल्याकडेही रालामंडळच्या आसपास भरपूर आहे, तीच ती, रंगीत फुलांची.

थोडं गणित करू. समजा हा कोरडेपणा शंभर मीटर आतपर्यंत पोचतो, आणि तुकडा अगदी गोल आहे. १० हेक्टरच्या गोल तुकड्याची त्रिज्या साधारण १७८ मीटर. त्यातले शंभर मीटर कडेत गेले, उरली ७८ मीटर त्रिज्या. म्हणजे धड जंगल दोन हेक्टरसुद्धा नाही, पाचव्या भागाहून कमी. १०० हेक्टरच्या तुकड्यात हेच गणित केलं तर साधारण ६८ हेक्टर वाचतं. क्षेत्र दहापट, पण आतलं खरं जंगल पस्तीसपट. आणि प्रत्यक्षातले तुकडे गोल नसतात, ओढ्याकाठी लांबट असतात, त्यामुळे अनेकांत आतला भाग उरतच नाही. नुसती कड.

यावर उपाय म्हणून म्हैसूरच्या नेचर कन्झर्वेशन फाउंडेशन या संस्थेने २००० च्या सुमारास वालपराईत एक चिकाटीचं काम सुरू केलं. दिव्या मुडप्पा आणि टी. आर. शंकर रामन हे त्यातले प्रमुख शास्त्रज्ञ. चहा कंपन्यांशी करार करून त्यांच्याच ताब्यातले बिघडलेले तुकडे हाताळायला घेतले. रस्त्याच्या कडेला पडलेल्या, एरवी गाडीखाली चिरडल्या जाणाऱ्या बिया गोळा करायच्या, रोपवाटिकेत वाढवायच्या, घाणेरी उपटायची आणि शंभराहून जास्त देशी जातींची रोपं मिसळून लावायची. वीस वर्षांनी काही जागी सावली परत आली. आपल्याकडे पावसाळ्यात एका दिवसात लाखो खड्डे करून रोपं लावण्याचे उत्सव होतात. त्यांतल्या किती जातींची नावं लावणाऱ्याला माहीत असतात, हा प्रश्न मला हे काम पाहून पडला.

आणि प्राणी?

जाण्याआधी शेजारच्या काकूंनी विचारलं होतं, "अहो, त्या मळ्यात वाघ-बिघ येतो का हो?" प्रश्न रास्त आहे. २०२३ मध्ये महूच्या आर्मी वॉर कॉलेजच्या आवारात वाघ कॅमेऱ्यात दिसला तेव्हापासून इंदुरात हा प्रश्न विनोदाचा राहिलेला नाही. मळ्यात वाघ क्वचितच. बिबट्या मात्र नेहमीचा. गवे दिवसाढवळ्या चहाच्या ओळींत उभे असतात; चहा ते खात नाहीत, मधलं गवत आणि तण खातात. रानकुत्री, सांबर, शेकरू, महाधनेश हेही आहेत. धनेशाची ढोली फार जुन्या, जाड झाडात असते. मादी आत बसून ढोलीचं तोंड लिंपून घेते आणि नर अनेक आठवडे तिला फळं आणून भरवतो, म्हणजे जाडजूड झाडही हवं आणि फळांची जंगलंही उडत जाण्याच्या टप्प्यात हवीत. चहाच्या मळ्यात यांतलं काहीच नसतं. तुकड्यांत असतं.

सिंहपुच्छ माकडांची गोष्ट जास्त अवघडल्यासारखं करणारी आहे. काळं अंग, तोंडाभोवती करड्या केसांची आयाळ, शेपटीला गोंडा. जगात ही फक्त पश्चिम घाटात, कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडूत आहेत, सगळी मिळून काही हजार. यांचं सगळं आयुष्य झाडावर, जमिनीवर उतरणं यांच्या स्वभावात नाही. वालपराई गावाजवळच्या पुदुतोट्टम मळ्यातल्या तुकड्यात यांचे कळप अडकून पडले आहेत. झाडांचे माथे एकमेकांना टेकत नाहीत, मध्ये रस्ता आहे, म्हणून ती रस्त्यावरून चालतात, छपरांवर बसतात, स्वयंपाकघरात शिरतात. पर्यटकाला ते "किती जवळून दिसली!" असं वाटतं. जाणकाराला ते आजाराचं लक्षण वाटतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची झाडं जोडणारे झुलते पूल बांधलेत, माकडं ते वापरायला शिकली. खाली गाडी हळू चालवणं आणि वेफर्सचं पाकीट बंद ठेवणं एवढं आपल्या हातात.

हत्तींबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण वालपराईत समजण्यासारखं सगळ्यात जास्त तेच आहे.

वर्षभरात शंभरेक हत्ती या पठारावरून ये-जा करतात. एका राखीव जंगलातून दुसऱ्यात जायचं तर मधले मळे ओलांडावेच लागतात. दिवसा ते जंगलाच्या तुकड्यात किंवा ओढ्याकाठच्या दाटीत थांबतात, अंधार पडला की चहातून पुढे सरकतात. चहा त्यांचं खाणं नाही. पण वाटेत रेशन दुकान किंवा शाळेचं स्वयंपाकघर असलं तर तांदूळ, डाळ, मीठ यांच्या वासाने भिंत पाडतात. घरांचं नुकसान यातून होतं. माणसं मात्र बहुतेक वेळा वेगळ्या कारणाने मेली: संध्याकाळी बसमधून उतरून लाइनीतल्या, म्हणजे मजुरांच्या एकाला एक लागून असलेल्या खोल्यांतल्या, घराकडे चालत जाताना, पुढच्या वळणावर हत्ती उभा आहे हे माहीत नसल्यामुळे. दोघंही दचकतात. दचकलेल्या हत्तीपुढे माणसाला वेळ मिळत नाही.

दुखणं माहितीच्या अभावाचं आहे हे एकदा ओळखल्यावर उपायही माहितीचाच निघाला. एम. आनंद कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हत्तींचा रोजचा माग ठेवायला सुरुवात केली आणि तो स्थानिक केबल टीव्हीवर खालच्या पट्टीत द्यायला लागले: आज अमुक मळ्याच्या अमुक भागात हत्ती आहेत. मग ज्यांनी नंबर नोंदवले त्यांना जवळपास हत्ती असल्याचे मोबाइल संदेश. मग मोक्याच्या जागी उंच खांबांवर लाल दिवे, जे मोबाइलवरून लागतात आणि बसमधून उतरणाऱ्याला लांबून दिसतात. दिवा लाल असेल तर एकट्याने पायवाटेने जायचं नाही. काही दिवे लावण्याची जबाबदारी वस्तीतल्याच लोकांनी घेतली. अपघाती मृत्यू बरेच घटले आणि आनंद कुमारांना २०१५ मध्ये निसर्गसंवर्धनासाठीचा व्हिटली पुरस्कार मिळाला. कुंपण नाही, खंदक नाही, हत्तीला हाकलणं नाही. इतका कमी खर्चाचा, इतका डोकं वापरलेला उपाय मी दुसरा पाहिलेला नाही.

बिबट्याचं प्रकरण इतकं सुटलेलं नाही. लाइनी चहाला अगदी चिकटून असतात. १९५१ च्या मळे कामगार कायद्याने मालकावर घर, दवाखाना, पाळणाघर यांची जबाबदारी टाकली. पण कित्येक लाइनींच्या मागच्या अंगणात दिवा नाही आणि संडास लांब. कचरा उघड्यावर पडतो, त्यावर कुत्री आणि रानडुकरं येतात, त्यांच्यामागे बिबट्या येतो, आणि संध्याकाळी अंगणात खेळणारं लहान मूल त्याच्या उंचीचं असतं. अशा घटना तिथे घडल्या आहेत. आजकाल खुडणीला झारखंड, आसामकडून आलेली कुटुंबंही असतात, ज्यांना या डोंगराची सवय नाही. त्यामुळे होमस्टेच्या मागे चिप्सची पाकिटं आणि उरलेली बिर्याणी टाकणारा पर्यटक या साखळीत कुठे बसतो, ते सांगायला नको.

आसामात हीच गोष्ट वेगळ्या नावांनी चालू आहे. जोरहाटजवळचं होल्लोंगापार गिबन अभयारण्य (१९९७) जेमतेम २१ चौरस किलोमीटरचं, जवळपास सगळीकडून चहाने वेढलेलं, आणि मधून रेल्वे गेलेली. हूलॉक गिबन भारतातला एकमेव कपी (एप, म्हणजे बिनशेपटीचा वानर), जमिनीवर सहसा उतरतच नाही. त्याच्यासाठी रुळांची ती चिंचोळी पट्टी म्हणजे देशाची सरहद्द.

कारखाना बघायचा तर

कारखाना जरूर बघा, पण वास घेत बघा. आत शिरताच ओल्या गवताचा वास येतो. ती पानं मोठ्या पंख्यांच्या हवेवर कोमेजायला टाकलेली असतात. मग दातेरी रुळांच्या जोड्यांमधून पान चिरडलं, फाडलं, गुंडाळलं जातं. याला सीटीसी म्हणतात, आणि १९३० च्या सुमारास आसामात हे यंत्र बनलं. आपल्याकडे सियागंजातून जो दाणेदार चहा घरी येतो तो बहुतेक याच पद्धतीचा. फाटलेल्या पानातला रस हवेला लागला की तासाभरात हिरवा लगदा तांबूस होतो, सफरचंदाची फोड काळी पडते त्याच क्रियेने, आणि वास बदलून ओळखीच्या चहाकडे सरकतो. मग भट्टी, मग चाळणी. साडेचार किलोच्या आसपास ओल्या पानातून एक किलो चहा निघतो.

बाहेर खुडणाऱ्या बायका दिसतील, अलीकडे बऱ्याच जणींच्या हातात पिशवी जोडलेली कात्री असते. त्यांचं काम वजनावर मोजलं जातं. फोटोसाठी थांबवलंत तर त्यांचं पान कमी भरतं, तेव्हा आधी विचारा आणि नाही म्हटलं तर पुढे चला. मळ्याच्या वाटा खासगी आहेत हेही लक्षात असू द्या.

निघण्याआधी

डिसेंबर ते मे हा सोयीचा काळ. जून ते सप्टेंबर पाऊस असा की छत्री निव्वळ शोभेची. पठारावरचं चिन्नकल्लार हे दक्षिण भारतातल्या सर्वांत ओल्या जागांपैकी एक आहे. त्या दिवसांत जंगल सगळ्यात सुंदर असतं आणि जळवाही सगळ्यात जास्त असतात. जळू चावताना कळत नाही आणि तिच्या लाळेमुळे रक्त लवकर गोठत नाही, म्हणून डाग मोठा दिसतो; धोका फारसा नसतो. काडीपेटीने चटका देऊ नका, नखाने कडेने सरकवून काढा आणि जागा धुवा. गुडघ्यापर्यंतचे घट्ट विणीचे जळूमोजे मिळतात, ते घ्या. बरोबरच्या आजीला यात ओढू नका, तिला गाडीतून नल्लमुडीची दरी दाखवा, ती जास्त खूश होईल.

मळ्यातल्या जुन्या बंगल्यात राहिलात तर संध्याकाळनंतर पायी बाहेर पडायचं नाही, आणि हत्ती कुठे आहेत ते तिथल्या माणसाला रोज विचारायचं. त्याला माहीत असतं. तुकड्यांच्या आत परवानगीशिवाय शिरू नका. कडेला उभं राहून तासभर काढला तरी बरंच दिसतं. वालपराईला येणाऱ्या गाड्यांसाठी ई-पासचे नियम लागू झाले आहेत, ते निघायच्या आठवड्यात ताजे तपासा.

परत येताना पोल्लाचीच्या घाटाने येऊ नका. मलक्कप्पाराहून वाळच्चाल-अतिरप्पिल्लीकडे उतरणारा रस्ता धरा आणि चालकुडीला निघा; परतीची गाडी त्रिशूर किंवा एर्नाकुलमहून पकडता येते. मलक्कप्पाराला शेवटचा चहाचा मळा संपतो आणि पुढचे कितीतरी किलोमीटर सलग वर्षावन. तपासणी नाक्यावर प्लास्टिकच्या बाटल्या मोजून लिहून घेतात आणि खालच्या नाक्यावर तेवढ्याच दाखवाव्या लागतात. संध्याकाळी नाका बंद होतो, म्हणून वालपराईहून सकाळीच निघा आणि डबा बरोबर घ्या, वाटेत काही मिळत नाही.